जीपखालच्या शिव्या

मी माझ्या बायकोवर जळतो. ती माझ्यापेक्षा जास्त कमावते म्हणून नाही, कमीच कमावते. चारचौघांत तिचं कौतुक होतं म्हणूनही नाही, ते ऐकायला मला आवडतं. मी जळतो, कारण माझे वडील तिला शिव्या देतात आणि मला देत नाहीत.

हे कुणाला सांगितलं तर तो आधी हसेल आणि मग माझ्याकडे जरा काळजीनं बघेल. पण त्याला दादा माहीत नसणार.

दादा म्हणजे माझे वडील, पुंजाराम मिस्त्री. चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हर्सूलच्या बाजारात भाजी घेताना एखादा जुना ड्रायव्हर भेटला की तो आधी नमस्कार करतो आणि मग आपल्या गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवतो. दादा डोळे मिटून ऐकतात, "पंप" किंवा "बेअरिंग" एवढंच बोलतात आणि मेथीची जुडी निवडायला लागतात. ड्रायव्हर खूश होऊन जातो.

वर्कशॉपात त्यांची एक रीत होती. हाताखाली नवा माणूस आला की पहिले काही दिवस त्याला अहो-जाहो. तुम्ही बसा, तुम्ही बघा, तुम्हाला लागेल, तुम्ही सरका. मग एखाद्या दिवशी अचानक पहिली शिवी बसायची. ती बसली की त्या माणसाचं घोडं गंगेत न्हालं. आता मिस्त्री शिकवणार, हे सगळ्या वर्कशॉपला कळायचं. आणि ज्याला महिनाभर नुसतं 'तुम्ही'च ऐकू यायचं, तो मुकाट्यानं दुसऱ्या मिस्त्रीकडे बदली मागून घ्यायचा. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज पडत नसे.

मला दादा घरात अरे-तुरे करतात. जेवताना, टीव्ही बघताना, लाईट बिल भरायची आठवण करताना मी सत्यम असतो. पण एखादं इंजिन उघडलेलं असलं आणि मी जवळ गेलो, की मी लगेच 'साहेब' होतो. जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक झालो तेव्हापासून तर फारच. "या साहेब. जरा लांबून बघा, कपडे खराब व्हतील." लहानपणी डबा द्यायला वर्कशॉपात गेलो, तरी मला गेटच्या आत येऊ देत नसत. डबा घ्यायचे, परीक्षा कधी आहे ते विचारायचे आणि परत पाठवायचे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात सोनिया आली. तिचे वडील कचरू मिस्त्री सिल्लोडला ट्रॅक्टर दुरुस्त करतात. सोनिया त्या गॅरेजात वाढली. बारावीनंतर तिला आयटीआयला डिझेल मेकॅनिक करायचं होतं, पण पोरीच्या जातीला ते शोभत नाही म्हणून घरच्यांनी तिला बीएला घातलं. आता ती जळगाव रोडवरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवते. लग्न ठरताना हे सगळं मला माहीत होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. मूर्ख होतो.

या दिवाळीत भाऊबीजेला तिला माहेरी सोडायला मी आणि दादा दोघंही गेलो होतो. गॅरेजच्या मागे एका मक्याच्या व्यापाऱ्यानं कधीकाळी सोडून दिलेली जीप पडली होती. टप नव्हता, सीट नव्हती, ड्रायव्हरच्या जागी कोंबडी अंड्यांवर बसलेली. मला ती कोंबडी दिसली. दादा आणि सोनिया मात्र एकाच वेळी वाकून खाली चेसिसकडे बघायला लागले, आणि उठले तेही एकाच वेळी.

"मामा, चेसिस सडकं नाय," सोनिया म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणते.

"हं," दादा म्हणाले. एवढंच. पण मी त्यांना जन्मापासून ओळखतो. त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

जीप माझ्या सासऱ्यांनी देऊनच टाकली, जागा मोकळी होईल म्हणाले. पुढच्या आठवड्यात ती ट्रॅक्टरमागे बांधून हर्सूलला आली आणि आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. माझी मोटारसायकल त्या दिवसापासून भिंतीला टेकून उघड्यावर आहे.

शहरातल्या हौशी जीपवाल्यांचा एक गट आहे. दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी ते खुलताबादच्या मागच्या डोंगरात चढाई ठेवतात. दगडांतून, ओढ्यातून, जिथं बैल न्यायलाही माणूस विचार करेल तिथून गाडी वर न्यायची. सोनियानं मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ दादांना दाखवले. दादांनी चष्मा वर करून सगळे पाहिले आणि म्हणाले, "ह्यांच्या गाड्या बाजारातून आणल्यात. आपली घरात करू."

मग थंडीचे अडीच महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी हर्सूलच्या तलावाकडून गार वारा यायचा, आई शेकोटी पेटवायची आणि ही दोघं तिच्याकडे पाठ करून जीपखाली शिरायची. गाडी उंच करायची म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक जास्तीचं पान घातलं. चाकं मोठी आणली. इंजिनला हवा घ्यायला एक पाइप काचेच्या बाजूनं वर काढला, म्हणजे ओढ्यातलं पाणी आत जायला नको. पुढं जाड लोखंडी बंपर, त्याला ओढायचा हुक. मला हे सगळं इतकं नीट माहीत आहे, कारण प्रत्येक रविवारी मी पायरीवर बसून ते बघत होतो. हातात चहाचा कप आणि पोटात आग.

पहिली शिवी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बसली. तोवर दादा तिला 'सूनबाई' म्हणत होते, अहो-जाहो करत नसले तरी जपून बोलत होते. मला वाटत होतं, होईल चार दिवसांत हौस पुरी. त्या दिवशी जॅक लावलेला होता आणि सोनियानं ठोकळा न ठेवताच हात आत घातला.

"ए गधडे! हात काढ! मेंदूत काय भुसा भरलाय का? ठोकळा तुझा बाप ठेवणार हाय का?"

आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. लक्ष्मीबाई पुंजाराम, आयुष्यात सुनेला मोठ्यानं बोलली नाही. "अवो, सून हाय ती! हेल्पर नाय तुमची!"

दादा गोरेमोरे झाले. पण सोनिया जीपखालून बाहेर आली, तोंडावर काळे पट्टे, आणि चेहरा असा, जणू तिला शाळेत पहिला नंबर मिळालाय. तिच्या माहेरच्या गॅरेजातही ही भाषा असणार. तिला बरोबर कळलं होतं काय झालं ते. मलाही कळलं होतं. माझा चहा गार झाला तो मी तसाच पिऊन टाकला.

त्यानंतर तर पाऊसच. पाना उलटा धरला, येडे. नट हातानं आधी बसवायचा का डायरेक्ट पान्यानं, बेअक्कल. आवाज ऐक, कान काय माहेरी ठेवलेत? आणि प्रत्येक शिवीमागून अर्धा तास शिकवणं. हळू आवाजात, एकेक गोष्ट दोनदा सांगून. मी दहावीला असताना गणित दोनदा समजावून सांगायला त्यांना वेळ नव्हता. इथं मात्र ब्रेकच्या पट्टीवर लायनर कसा रिवेट करायचा, मधल्या रिवेटपासून सुरुवात का करायची, ड्रमला खडू लावून कुठं घासतंय ते कसं बघायचं, हे सांगायला अख्खे दोन रविवार. त्या खडूची पांढरी रेघ बघायला दोघांची डोकी इतकी जवळ आली की मी उठून गच्चीवर गेलो आणि वाळलेले कपडे उगीच पुन्हा उलटून टाकले.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. गुलमंडीवरून गरम जिलेबी आणली, दोघांनी कोपरानं सरकवून खाल्ली. बॅटरीचा उजेड धरू का विचारलं, तर दादा म्हणाले, "नको साहेब, दमाल." एकदा मी सरळ पाना उचलून एक नट आवळायला गेलो. दादांनी माझा हात अलगद बाजूला केला. अगदी अलगद. त्यापेक्षा फटका मारला असता तर बरं वाटलं असतं.

चढाईचा फॉर्म सोनियानं रात्री जेवताना भरला. चालक, सोनिया सत्यम. सोबती, पुंजाराम. "तुमी व्हिडिओ काढाल ना?" तिनं मला विचारलं. अगदी मनापासून विचारलं, तिच्या मनात काही नव्हतं. मी हो म्हणालो आणि भाजीत मीठ नाही म्हणून आईवर चिडलो. भाजीत मीठ होतं.

भोगीच्या दिवशी मी घरी होतो. रविवार चार-पाच दिवसांवर आला होता. दादा आणि सोनिया सकाळच्या एसटीनं सिल्लोडला गेले, चारही ब्रेकड्रम दोन पोत्यांत घालून. तिथं लेथवर ते आतून घासून आणायचे होते. जीप शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाकं काढलेली, ड्रम काढलेले, आतले नवे लायनर उघडे. आई स्वयंपाकघरात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी थापत होती. मी एकटाच शेडमध्ये उभा राहिलो. अडीच महिन्यांत पहिल्यांदा ती गाडी आणि मी, मध्ये कुणी नाही.

वाकून पाहिलं तर चेसिसवर जिथं तिथं तांबूस गंज. आणि मला एक गोष्ट आठवली. आमच्याकडे गाडी धुऊन काढली की खालून ऑइल मारतात, जळकं ऑइल आणि डिझेल एकत्र करून. सगळ्या वॉशिंग सेंटरवर मारतात. गंज धरत नाही, चेसिस काळंभोर चमकतं. हे या दोघांच्या लक्षातच आलं नाही! इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल कॅनमध्ये होतंच. डिझेल होतं. आणि गावाकडच्या शेतातला कपाशी फवारायचा पंप माळ्यावर पडला होता.

मी पंप पाठीवर घेतला आणि ऑइल मारलं. असं मारलं की बोंडअळी असती तर चार पिढ्या परत आली नसती. पुढून, मागून, पाट्यांवर, नळ्यांवर. चारही चाकांपाशी ते नवेकोरे लायनर होते, पितळी रिवेट सोन्यासारखे चमकत होते. सोनियानं दोन रविवार घालून बसवलेले रिवेट. हे गंजायला नकोत म्हणून तिथं मी दोन हात जास्तच मारले. खरं सांगतो, मारताना मला तिच्याबद्दल काही वाईट वाटत नव्हतं. उलट मी मोठ्या मनानं तिचंही काम वाचवतोय असं वाटत होतं.

मग अंघोळ केली, कपडे बदलले आणि पायरीवर येऊन बसलो. दादा आल्यावर काय म्हणतील ते मी मनात पाच-सहा प्रकारे ऐकून घेतलं. सगळ्यात आवडलेला प्रकार असा होता की ते म्हणतील, "ह्ये आपल्या ध्यानातच आलं नाय बघ, सोने." तिला सांगतील. माझ्यासमोर.

साडेतीनला रिक्षा दारात थांबली. पोती उतरवली. सोनिया लेथवाल्यानं काम कसं बारीक केलंय ते आईला सांगत होती. दादा शेडमध्ये गेले आणि थांबले. मग वाकले. एक बोट लायनरवर फिरवलं, चोळलं, नाकाशी नेलं. दुसऱ्या चाकाकडे गेले. तिथंही बोट फिरवलं. तिसऱ्याकडे. चौथ्याकडे जायची त्यांना गरज नव्हती, तरी गेले.

"ह्ये कुणी मारलं?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, पण तो आवाज ऐकून ते तिथंच राहिलं. मी काहीतरी भयंकर केलंय एवढं मला कळलं, काय ते कळत नव्हतं. सोनिया शेडमध्ये आली. तिनं लायनर पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. अंघोळ केली तरी नखांत काळं राहिलंच होतं.

"मी मारलं, मामा," ती म्हणाली. "सकाळी निघायच्या आधी. गंज दिसत व्हता म्हणून."

दादा तिच्याकडे बघतच राहिले. "तू? तू मारलंस?"

आणि मग सुरू झाले. असे दादा मी कधी ऐकले नव्हते. शेजारची माणसं भिंतीवरून डोकावायला लागली.

"अगं गधडे, लायनर घासून चाक थांबतंय, त्याला तेल लागलं म्हंजी लायनर मेला! कितींदा सांगितलं तुला? शंभरदा सांगितलं! डोंगरावर ब्रेकवर पाय ठेवशील आन् गाडी थांबणार नाय, थेट खाली! मी म्हातारा हाय, मी गेलो तरी चालंल. पर तू? आन् उद्या कुणी म्हणलं की पुंजारामच्या हाताखालच्या माणसानं लायनरवर ऑइल मारलं, तर मी तोंड कुठं दाखवू? चौतीस वर्सात माझ्या हाताखालच्या एका माणसानं असलं काम केलं नाय!"

सोनिया मान खाली घालून उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, पण हलत नव्हती.

मी मात्र पायरीवर पेटलो होतो. सून म्हणाले नाहीत ते. हाताखालचं माणूस म्हणाले. आणि हे सगळं, हा एवढा मोठा, आयुष्यभरातला सगळ्यात मोठा राग, हा तर माझा होता! ऑइल मी मारलं होतं. पंप मी उचलला होता. माझ्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला होता. दादा जन्मात पहिल्यांदा माझ्या कामावर असे खवळले होते, आणि तिथंही ही मध्ये येऊन उभी राहिली. माझ्या वाट्याच्या शिव्यासुद्धा हिनंच खाल्ल्या.

ती मला वाचवत होती, हे मला त्या क्षणी दिसत होतं. तरी मला तिचा राग आला. प्रामाणिक वगैरे मी नाही. मी निव्वळ जळून ओरडलो.

"मी मारलं! ती खोटं बोलतीय. मी मारलं ऑइल, पंपानं मारलं, लायनरवर मुद्दाम दोन हात जास्त मारलं!"

ताटं वाढायची सोडून आई दारात उभी. मी पायरी उतरून दादांसमोर जाऊन उभा राहिलो. मला भीती वाटत नव्हती, मी वाट बघत होतो.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावरची शीर हळूहळू खाली बसली. चेहरा मऊ झाला, ओळखीच्या माणसानं घरात येऊन काचेचा ग्लास फोडावा आणि यजमानानं हसावं, तसा.

"असू द्या, साहेब," ते म्हणाले. "तुम्हाला काय ठाऊक त्यातलं. चांगल्या मनानं केलं तुम्ही."

आणि सोनियाकडे वळले. "आन् तू गं? खोटं कामून बोललीस? लायनर उघडे टाकून गेलीसच कशी? पोतं टाकायला हात झडले व्हते का?" आवाज पुन्हा होता तिथं गेला.

"दादा," मी म्हणालो. "चूक माझी हाय. मला बोला."

"काय बोलू?"

"तिला बोलता ते."

हे बोलताना माझा आवाज फाटला. सहावीतल्या पोरासारखा. शेजारी अजून भिंतीवर होते, मला पर्वा नव्हती. "मला एक शिवी देत नाय तुमी. कधीच दिली नाय. मी काय लायक नाय का तेवढाबी?"

दादा खाली ठोकळ्यावर बसले. बोटाला लागलेलं ऑइल त्यांनी पायजम्याला पुसलं.

"आरं, तुला कशापायी शिव्या देऊ?" ते म्हणाले. साहेब नाही म्हणाले. "गाडीखाली पडून पडून माझी पाठ गेली. थंडीत बोटं वळत नायत माझी, बघतो ना तू? तुझं असं हू नये म्हणून झटलो मी. तू माझ्यासारखा हू नये म्हणून. झाला नाय. आता तुला बोलून काय करू?"

"आन् सोनिया? ती झाली तर चालतंय?"

दादांनी तिच्याकडे पाहिलं. ती एव्हाना खाली बसली होती आणि डोळे पुसायच्या आतच छिन्नी घेऊन पहिला रिवेट उडवायला लागली होती. चारही चाकांचे लायनर काढून नवे बसवायचे होते, आणि दिवस चारच.

"ती कुठं व्हायचीय," दादा म्हणाले. "ती हायच." मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. "जा, हात धू. भाकरी गार हुतीया."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी तिथंच उभा राहिलो असतो.

मी आत आलो. मोरीत बसून नखं घासायला लागलो. बाहेर दादांचा आवाज चढत गेला. छिन्नी तिरपी धर, तुला काय लाकूड तासायचंय का, किती घाई, घाईनंच तर वाटोळं होतं, अक्कल कुठं गहाण टाकलीस. मधूनमधून सोनियाचं "व्हय मामा, व्हय". पाण्याच्या आवाजात पुढचं नीट ऐकू येत नव्हतं. मी नळ बंद केला.